रत्नागिरीत स्वस्तात मुक्काम: खोली सगळ्यात शेवटी ठरवा

रत्नागिरीला जायचं ठरलं की बरेच जण आधी मोबाइलवर हॉटेल शोधतात, दर चढत्या क्रमाने लावतात आणि वरून पहिली बरी दिसेल ती खोली पकडतात. तिकीट नंतर. पोहोचल्यावर कळतं की खोली रत्नागिरीत नाही, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर आहे. गाडी पहाटे उतरवते आणि खोली दुपारी बाराला मिळते. परतीची गाडी रात्रीची, म्हणून शेवटचा दिवस सामान घेऊन हिंडण्यात जातो. यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात आणि ते खोलीच्या दरात दिसत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवा: तारखा, गाडी, शहराचा भाग, मग खोली. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे. उदाहरणं मुंबईहून येणाऱ्यांची आहेत. पुण्या-कोल्हापूरकडून एसटीने येणाऱ्यांना टप्पा २ मधला रेल्वेचा भाग सोडता येईल, बाकी सगळं लागू आहे.

## टप्पा १: तारखा

मे महिना बजेटवाल्यांनी विसरावा. शाळांच्या सुट्ट्या, आंब्याचा मोसम, लग्नसराई, सगळं एकत्र येतं. दर चढतात, घासाघीस चालत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये कोकणात पाण्याची ओढ असते, त्यामुळे लहान लॉजमध्ये नळाला ठरावीक वेळीच पाणी येऊ शकतं. जायचंच असेल तर पाण्याचा प्रश्न फोनवर विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.

गणपतीत उलटा प्रकार. चाकरमानी आपापल्या घरी उतरतात, त्यामुळे शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळून जाते. पण गाडीचं आरक्षण मिळत नाही, आणि पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच खानावळी बंद असतात, कारण स्वयंपाकी आणि वाढपी स्वतःच गावी गेलेले असतात. शिमग्यातही थोडाफार हाच अनुभव येतो. खोली आहे पण जेवायला कुठे जायचं, असा पेच पडतो.

पावसाळ्यात दर उतरतात आणि हिरवळ डोळ्यांत मावत नाही, पण तीन गोष्टी धरून चाला. समुद्रात उतरायचं नाही. कपडे वाळत नाहीत. आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या मोठ्या माशाची थाळी महाग पडते किंवा मिळतच नाही. मासे खायलाच निघाला असाल तर हे दोन महिने टाळा.

माझ्या मते सगळ्यात परवडणारा काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यापासून नाताळच्या आठवड्यापर्यंत, आणि मग पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीतले कामाचे दिवस. रविवारी रात्रीपासून गुरुवारपर्यंत तीच खोली कमी दरात मिळते, आणि मालकाला फोनवर बोलायलाही फुरसत असते.

तपासा: तुमच्या तारखांत सोमवार येतो का? सरकारी वस्तुसंग्रहालयांना सहसा सोमवारी सुट्टी असते. थिबा राजवाड्यातही असंच वस्तुसंग्रहालय आहे, तो बघायलाच येणार असाल तर सोमवार रत्नदुर्ग किल्ल्यासाठी आणि समुद्रासाठी ठेवा, राजवाडा मंगळवारी. एकाच दिवसासाठी येत असाल तर तो सोमवार नको.

## टप्पा २: गाडी, आणि ती किती वाजता सोडते

हा टप्पा नीट वाचा. जास्तीत जास्त पैसे इथेच वाया जातात.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. कोकण रेल्वेवर सुट्टीच्या तारखा पहिल्याच दिवशी भरतात, त्यामुळे जायचं आणि यायचं तिकीट एकाच बैठकीत काढा. खोलीचं काय ते नंतर बघू. तिकीट नसताना खोली धरली तर आगाऊ रक्कम अडकते. तिकीट हातात असताना खोली न मिळण्याची वेळ मात्र मे आणि नाताळ सोडला तर फारशी येत नाही.

मुंबईहून दोन प्रकारच्या गाड्या आहेत. कोकणकन्या आणि तुतारी रात्रीच्या, त्या पहाटे-सकाळी रत्नागिरीला सोडतात. मांडवी एक्स्प्रेस सकाळी निघते आणि दुपारी पोहोचते. लोक म्हणतात, रात्रीची गाडी बरी, एका रात्रीचं भाडं वाचतं. वाचतंच असं नाही, कारण ते लॉजच्या हिशेबावर अवलंबून आहे. हिशेबाच्या दोन पद्धती आहेत:

बारा ते बारा. खोली दुपारी बाराला ताब्यात, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला रिकामी. काही ठिकाणी एक ते अकरा असतं.

चोवीस तास. तुम्ही ज्या वेळी नाव नोंदवाल तिथून चोवीस तास. जुन्या लॉजमध्ये ही पद्धत अजून आढळते.

समजा तुम्ही शनिवारी सकाळी सहाला उतरलात आणि रविवारी रात्री दहाच्या पुढची गाडी आहे. चोवीस तासांच्या लॉजमध्ये सहाला खोली मिळाली, पण रविवारी सकाळी सहाला दिवस संपला. त्यानंतर थांबलात की दुसऱ्या दिवसाचं भाडं लागू. चाळीस तासांना दोन दिवसांचे पैसे. बारा ते बाराच्या ठिकाणी शनिवारी दुपारपर्यंत कळ काढली आणि रविवारी दुपारी खोली सोडली तर एकाच दिवसाचं भाडं. फक्त शनिवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ सामान ठेवायला जागा हवी.

आता तोच प्रवास मांडवीने करा. शनिवारी दुपारी पोहोचलात, चोवीस तासांच्या लॉजमध्ये नाव नोंदवलं, तर रविवारी दुपारपर्यंत खोली तुमची. सकाळी घाईने आवरायची गरज नाही.

थोडक्यात, दुपारी पोहोचणाऱ्याला चोवीस तासांची पद्धत फायद्याची, पहाटे पोहोचणाऱ्याला बारा ते बाराची. बऱ्याच जणांना नेमकं उलटं वाटतं.

पहाटेच्या गाडीने येणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: लवकर खोली दिलीत तर अर्धं भाडं घ्याल का? आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर बरेच मालक तयार होतात. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर हे अर्धं भाडं खुशाल द्या. सकाळी सहा ते बारा रेल्वेच्या प्रतीक्षालयात काढण्यातून वाचलेले पैसे दुपारी सगळ्यांच्या चिडचिडीतून वसूल होतात.

सावध, खासगी बसवाल्यांसाठी: मुंबई-गोवा महामार्ग रत्नागिरी शहरातून जात नाही. गोवा किंवा सावंतवाडीकडे जाणाऱ्या बऱ्याच खासगी गाड्या तुम्हाला हातखंबा तिठ्यावर उतरवतात. तिथून शहर दहा किलोमीटरहून लांब आहे आणि पहाटे तीनला रिक्षावाला म्हणेल तो दर. तिकीट काढताना उतरण्याच्या ठिकाणाचं नाव वाचा. "रत्नागिरी" असं नुसतं लिहिलं असेल तर फोन करून विचारा: "शहरात येते की हातखंब्याला सोडते?" शहराच्या स्टँडवर येणारी एसटी यापेक्षा बरी.

पावसाळ्यात रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं. गाड्या सावकाश चालतात आणि वेळा बदलतात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचं तिकीट असेल तर मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका, तिकिटावरची वेळ बघा.

## टप्पा ३: शहराचा भाग

रेल्वे स्टेशन शहरात नाही, कुवारबावकडे आहे. स्टेशनपासून एसटी स्टँडपर्यंत सहा-सात किलोमीटर अंतर पडतं. म्हणून "स्टेशनजवळ" असं लिहिलेलं हॉटेल मुंबईच्या हिशेबाने सोयीचं समजू नका. एका रात्रीचा थांबा असेल आणि पहाटे गाडी पकडायची असेल तरच ते ठीक.

बजेटमध्ये शहर बघायचं असेल तर दोन भाग धरा.

एक, एसटी स्टँड, जयस्तंभ, राम आळी, गोखले नाका हा जुना बाजाराचा पट्टा. लॉज इथे आहेत, खानावळी इथे आहेत, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर पायी होतं. मांडवीच्या किनाऱ्यालाही चालत जाता येतं. गाड्यांचा आवाज असतो, रस्ते अरुंद आहेत, स्वतःची चारचाकी असेल तर ती लावायची पंचाईत.

दोन, मारुती मंदिर आणि शिवाजीनगरचा वरचा भाग. मोकळा, थोडा नवा, गाडी लावायला बरा. पण किनारा आणि जुनं शहर खाली आहे. प्रत्येक वेळी रिक्षा किंवा बस.

स्वतःचं वाहन नसेल तर मी डोळे मिटून पहिला भाग निवडेन.

आणि आता तो स्वस्त खोलीचा सापळा. समजा स्टँडजवळ खोली १,२०० रुपयांची आहे आणि शहराबाहेर आठ किलोमीटरवर ८५०ची. रोजचे ३५० वाचले असं वाटतं. पण जायला रिक्षाचे २०० आणि यायला २०० धरले तर वाचलेले ३५० जाऊन वर ५० गेले. तेही दिवसातून एकदाच बाहेर पडलात तर. दुपारी परत येऊन आडवं व्हायची सवय असेल तर हिशेब आणखी बिघडतो.

तपासा: शोधताना "रत्नागिरी" म्हणून जी यादी येते त्यात गणपतीपुळे, पावस, महामार्गावरची ठिकाणं, सगळं मिसळलेलं असतं, कारण जिल्ह्याचं नावही तेच आहे. गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्याने साधारण पंचवीस किलोमीटर दूर आहे. नकाशा उघडा आणि हॉटेलपासून "रत्नागिरी बसस्थानक" असं अंतर काढा. तीन किलोमीटरच्या वर गेलं तर का, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

## टप्पा ४: कुठल्या प्रकारची जागा

लॉज: एकटे, दोघे, किंवा फक्त झोपायला जागा हवी असलेल्यांसाठी. खोलीत पलंग, पंखा, न्हाणीघर, बस्स.

घरगुती सोय: कुटुंबासाठी उत्तम, जेवण घरचं. पण बहुतेक शहराच्या कडेला किंवा किनारी गावांत, आणि जेवणाची वर्दी आधी द्यावी लागते. चार वाजता सांगून आठला मोदक मिळत नाहीत.

भक्तनिवास: गणपतीपुळे, पावस अशा देवस्थानांकडे. स्वस्त आणि स्वच्छ, पण नियम असतात. शहर बघायला तिथून रोज ये-जा करणं परवडत नाही.

एसी घ्यावी का? डिसेंबर ते फेब्रुवारी नको. एप्रिल-मेमध्ये घ्या. दमट हवेत रात्रभर घाम पुसत बसण्यापेक्षा एखादं जेवण साधं करा.

## टप्पा ५: फोन

तीन-चार नावं काढा आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करा. सकाळी दहा-अकरा किंवा दुपारी चारच्या सुमारास, मालक गल्ल्यावर असतात तेव्हा. ॲपवरचा दर बघून ठेवा आणि थेट किती ते विचारा. मध्यस्थाचं कमिशन वाचत असल्याने काही जण कमी करतात, काही नाही. पण खरा उपयोग दरापेक्षा माहितीचा आहे.

बोलणं साधारण असं व्हावं:

"नमस्कार काका, १२ तारखेला दोन मोठे आणि एक आठ वर्षांची मुलगी, एक रात्र. खोली आहे का?"

"आहे. साधी की एसी?"

"साधी. तुमच्याकडे हिशेब बारा ते बारा की चोवीस तास?"

"बारा ते बारा."

"आम्ही सकाळी सहाला येतोय. सामान तोपर्यंत ठेवता येईल का? आणि जायच्या दिवशी रात्रीपर्यंत?"

"ऑफिसात ठेवा. मौल्यवान काही नको."

"मुलीचं वेगळं घेता का? जादा गादी?"

"गादी घेतलीत तर वेगळे पैसे."

"दर जीएसटी धरून की वर?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सध्या ५ टक्के जीएसटी लागतो. लहान लॉज नोंदणीकृत नसेल तर तो लागत नाही, आणि मग बिलावरही दिसता कामा नये.

याच फोनवर आणखी काही विचारून घ्या, एका दमात नव्हे. गरम पाणी चोवीस तास की फक्त सकाळी? सोलर असेल तर पावसाळी हवेत काय करता? खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? संडास कमोडचा की भारतीय? गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर यावर सगळी सहल अवलंबून आहे. वीज गेली तर पंखा चालतो का? खिडकीला जाळी आहे का? डासांचा विषय पहिल्याच रात्री निघतो.

एकटे येणार असाल, किंवा लग्न न झालेलं जोडपं असाल, तर तेही आत्ताच स्पष्ट सांगा. दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही, तरी काही लॉजवाले नाही म्हणतात. रात्री अकराला दारात वाद घालण्यापेक्षा दुपारी फोनवर नकार ऐकलेला बरा.

सावध: "या हो, बघू आल्यावर" हे उत्तर आरक्षण नाही. नाव, तारीख, ठरलेला दर, सामान ठेवण्याचं बोलणं, एवढं व्हॉट्सॲपवर स्वतः लिहून पाठवा आणि समोरून "ठीक आहे" येऊ द्या.

## टप्पा ६: आगाऊ रक्कम

एका रात्रीच्या भाड्यापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. देण्यापूर्वी तीन गोष्टी बघा.

नंबर दोन वेगवेगळ्या ठिकाणी तोच आहे का? हॉटेलच्या नावाने खोटी पानं आणि खोटे नंबर टाकून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार पर्यटनाच्या ठिकाणी होतात. नकाशावरचा नंबर आणि ॲपवरचा नंबर जुळत नसेल तर थांबा.

यूपीआयवर पैसे पाठवताना जे नाव दिसतं ते कोणाचं? मालकाचं व्यक्तिगत नाव असू शकतं, त्यात गैर नाही, पण मग फोनवर विचारा: "कोणाच्या नावावर येतंय?" उत्तर द्यायला वेळ लागला तर समजा.

आणि "पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर तक्रार करा, जितक्या लवकर तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

रद्द केलं तर काय, हेही लिहून घ्या. बरेच मालक पैसे परत देत नाहीत, पण तारीख पुढे ढकलून देतात.

## टप्पा ७: सामान

थोडकंच. सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं, मूळ प्रत किंवा डिजिलॉकरमध्ये. झेरॉक्स द्यायची असेल तर मास्क्ड आधारची द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. स्वतःची चादर, डासांची अगरबत्ती किंवा मलम, एक दोरी आणि चिमटे, लहान कुलूप. पावसाळ्यात कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत.

## टप्पा ८: पोहोचल्यावर, आधी खोली मग सही

स्टेशनवरून शहरात यायला एसटीची बस किंवा रिक्षा. रिक्षात बसण्यापूर्वी दर ठरवा, आणि लॉजच्या मालकाला आधीच विचारून ठेवा की स्टेशनवरून साधारण किती घेतात. तो आकडा माहीत असला की बोलणं लवकर संपतं.

लॉजवर गेल्यावर रजिस्टर पुढे सरकवलं जातं. पेन हातात घेण्यापूर्वी म्हणा, "काका, खोली एकदा बघून येतो." कोणी रागावत नाही. वर जाऊन या क्रमाने बघा:

१. नळ सोडा, फ्लश ओढा.
२. गादीचा कोपरा उचला. ओलसर वास, काळे ठिपके, ढेकणांच्या खुणा.
३. भिंतीवर, विशेषतः पलंगामागे, ओल आणि बुरशी. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची, पश्चिमेच्या भिंतीची खोली शक्य तर टाळा.
४. दाराची आतली कडी बसते का, खिडकी बंद होते का.
५. पंखा पाचवर टाका आणि आवाज ऐका.

काही बिघडलेलं दिसलं तर लगेच दुसरी खोली मागा. रजिस्टरवर नाव लिहून, सामान उघडून, अंघोळ करून मग तक्रार केली तर तिला वजन राहत नाही.

मग सही करा, आणि रजिस्टरमध्ये येण्याची वेळ स्वतः लिहा. चोवीस तासांच्या लॉजमध्ये पुढचा सगळा हिशेब त्या एका आकड्यावर चालतो.

## टप्पा ९: शहरात फिरण्याचा क्रम

दुपारी बारा ते साडेतीन बाहेर राहू नका, एवढं पाळलंत तर उन्हामुळे होणारा रिक्षाखर्च टळतो. सकाळी टिळक आळी आणि पतितपावन मंदिर पायी. थिबा राजवाडा सकाळी उशिरा, तिथून जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्ये खाडी दिसते. दुपारी जेवून खोलीवर. ऊन उतरल्यावर रत्नदुर्ग, वर भगवती मंदिर. संध्याकाळ मांडवीच्या किनाऱ्यावर.

लांबचं ठिकाण असेल तर एसटी. महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, ७५च्या वर मोफत. चारचौघांचं कुटुंब आजीसकट निघालं तर खासगी गाडीपेक्षा पावस-गणपतीपुळे एसटीनेच स्वस्त पडतं. मात्र परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वाहकाला जातानाच विचारा.

जेवणासाठी लॉजच्या माणसालाच विचारा, पण प्रश्न बदलून: "चांगलं कुठे मिळतं?" नव्हे, "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" मासळीच्या थाळीत मासा कुठला आणि किती रुपयांचा, हे ताट येण्यापूर्वी ठरवा. सुरमई आणि पापलेटचा दर रोज बदलतो, बांगडा परवडतो आणि ताजा असतो. गुरुवारी-सोमवारी बरेच स्थानिक मासे खात नाहीत, तेव्हा काही खानावळींत पर्याय कमी असतात.

## टप्पा १०: शेवटचा दिवस

रात्रीच्या गाडीने परतायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच मालकाला आठवण द्या: सामान दुपारपासून ऑफिसात ठेवणार आहोत. सकाळपाळीचा माणूस वेगळा असतो आणि त्याला तुमचं फोनवरचं बोलणं माहीत नसतं.

खोली दुपारी सोडा, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. बिल मागा, जादा गादी, चहा, गरम पाणी, जे ठरलं तेच लागलंय ना बघा. आगाऊ रक्कम वजा झाली का? घाईत विसरला जातो तो हाच आकडा. चार्जर, दोरीवरचे टॉवेल आणि फ्रिज असेल तर त्यातली सोलकढीची बाटली, या तिन्ही ठिकाणी एकदा हात फिरवा.

संध्याकाळी निघण्यापूर्वी हात-पाय धुवायला न्हाणीघर मिळेल का, ते विचारा. बहुतेक हो म्हणतात. आणि स्टेशनला जाण्यासाठी रिक्षा आठच्या आत सांगून ठेवा, कारण बाजार बंद झाला की नाक्यावरच्या रिक्षा कमी होतात. कोकणकन्या उशिरा आहे असं ॲपवर दिसलं तरी रिक्षाची वेळ पुढे ढकलू नका.